नवीन शर्तीची जमीन आणि पहिली पेरणी : शासनाने प्रदान केलेल्या जमिनीवर शेती उभी करण्यातील अडचणी

प्रस्तावना

महाराष्ट्रात भूमिहीन कुटुंबाला शासनाकडून शेतजमीन मिळण्याचे मार्ग स्थूलमानाने चार आहेत. महसूल विभागाच्या ताब्यातील पडीक जमीन 'महाराष्ट्र जमीन महसूल (सरकारी जमिनीची विल्हेवाट करणे) नियम, १९७१' यांखाली प्रदान केली जाते. कमाल जमीन धारणा अधिनियम, १९६१ अन्वये अतिरिक्त ठरलेली जमीन वाटली जाते. गायरानावरील जुनी अतिक्रमणे काही मुदतींपर्यंत नियमानुकूल केली गेली. त्यांपैकी २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांची अतिक्रमणे विचारात घेतली. चौथा मार्ग खरेदीचा आहे. २००४ साली सुरू झालेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत शासन खाजगी जमीन विकत घेऊन ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबांना देते. कोरडवाहू असेल तर चार एकर, बागायती असेल तर दोन एकर असे तिचे प्रमाण आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळणारे पट्टे हा स्वतंत्र विषय असल्याने त्याचा येथे विचार केलेला नाही.

भूमी सुधारणांविषयीच्या लेखनात वाटपाचे आकडे विपुल आढळतात. किती हेक्टर अतिरिक्त ठरले, किती ताब्यात आले, किती कुटुंबांना मिळाले, येथपर्यंत ते लेखन येते आणि थांबते. सात-बारावर नाव चढले म्हणजे कुटुंब शेतकरी झाले, असे त्यात गृहीत धरलेले असते. कूळ कायद्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु नाव चढल्याच्या दिवसापासून कुटुंबाच्या अंगणात पहिले धान्य येईपर्यंत जे काही घडते, किंवा घडत नाही, त्याची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. प्रस्तुत लेखात त्या मधल्या काळाचा विचार केला आहे. मराठवाडा व त्याला लागून असलेला अवर्षणप्रवण पट्टा हे त्याचे मुख्य क्षेत्र आहे. कारण गायरानाचा प्रश्न तेथे सर्वांत जुना आणि सर्वांत तीव्र आहे. १९५३ चा मराठवाड्यातील आणि डिसेंबर १९६४ मध्ये सुरू झालेला देशव्यापी असे भूमिहीनांचे दोन सत्याग्रह झाले, त्यांपैकी दुसरा दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली, आणि दोन्हींत पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी ही मागणी अग्रभागी होती.

वाट्याला येणारी जमीन

१९६१ च्या कायद्यात १९७५ पासून अमलात आलेल्या सुधारणेनंतर बारमाही ओलिताच्या जमिनीची कमाल मर्यादा कुटुंबामागे १८ एकर, तर कोरडवाहूची ५४ एकर झाली. मधल्या प्रकारांसाठी २७ व ३६ एकर अशा पायऱ्या ठेवल्या गेल्या. या मर्यादांवर भरपूर चर्चा झाली आहे. तिच्यात एक साधी गोष्ट मात्र मागे पडते. कोणती जमीन ठेवायची आणि कोणती सोडायची, हे सुचविण्याची संधी कायद्याने धारकालाच दिली होती. विहिरीखालचे, ओढ्याकाठचे, गावाजवळचे शेत कोणी सोडणार नाही, हे सांगावयास कायद्याचा अभ्यास लागत नाही. अतिरिक्त म्हणून जे शासनाकडे आले त्यात शिवाराच्या टोकाचा माळ, डोंगरउतार आणि बरड यांचे प्रमाण मोठे असणे हे या रचनेचेच फळ होय.

गायरानाची गोष्ट याहून वेगळी नाही. पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन नांगराखाली आली नाही, ती बहुधा येण्याजोगी नव्हती म्हणूनच गुरांसाठी राहिली. वीतभर मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. शिवाय तिच्यावर आधीपासून कोणीतरी अवलंबून असते. मेंढपाळ, शेळ्या राखणारी विधवा, ज्याच्या घरी एकच गाय आहे असा मजूर यांची चराई त्याच माळावर चालते. गायरानाचे वाटप म्हणजे एका गरिबाच्या हातून काढून दुसऱ्या गरिबाला देणे, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. मात्र तो घेणाऱ्यांत ज्यांची जनावरे त्या माळावर कधी चरली नाहीत अशांचाच आवाज मोठा असतो, हेही नमूद केले पाहिजे.

खरेदीच्या योजनेत तरी चांगली जमीन मिळावी, अशी अपेक्षा होती. तेथे अडचण दराची आली. शासनाचा दर आणि बाजाराचा दर यांत अंतर राहिले की पाण्याची जमीन विकावयास कोणी पुढे येत नाही. जो येतो तो आपले न पिकणारे शेत घेऊन येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये ही मर्यादा कोरडवाहूसाठी एकरी पाच लाख आणि बागायतीसाठी एकरी आठ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. त्याचबरोबर पूर्वीची अर्धे अनुदान, अर्धे कर्ज ही पद्धत सोडून संपूर्ण रक्कम अनुदान म्हणून देण्याचे ठरले. कर्जाचा बोजा गेला ही मोठीच सुधारणा होती. जमिनीच्या प्रतीचा प्रश्न मात्र तिने सुटण्यासारखा नव्हता.

ताबा, मोजणी आणि वाट

प्रदानाचा आदेश, ताबा पावती आणि फेरफार हे तीन कागद हाती आले की महसूल दप्तराच्या दृष्टीने काम पूर्ण होते. शिवारात ते तेथून सुरू होते. शंभर एकरांचा एक गट पंचवीस कुटुंबांना वाटला असेल, तर प्रत्येकाचा तुकडा कोठून कोठपर्यंत, हे पोटहिश्श्याची मोजणी होऊन हद्दीच्या खुणा रोवल्या गेल्याशिवाय ठरत नाही. मोजणीस शुल्क लागते, तारीख लागते, लगतच्या कब्जेदारांना नोटीस जावी लागते. ती होईतो जो तो आपल्या अंदाजाने नांगर घालतो. पहिला तंटा बऱ्याचदा जुन्या जमीनदाराशी नव्हे, तर शेजारच्या लाभार्थ्याशीच होतो, तो यामुळे.

जुन्या धारकाशी होणारा तंटा अधिक गंभीर असतो. आपल्या हातून गेलेल्या जमिनीवर गावातलाच मजूर औत हाकताना पाहणे अनेकांना सहन होत नाही. उभ्या पिकात जनावरे सोडणे, बांध मोडणे, सावकाशीने एकेक तास पुढे सरकणे, मजुरीला न बोलावणे, दुकानातून उधारी बंद करणे हे प्रकार मराठवाड्यात अपरिचित नाहीत. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ च्या तिसऱ्या कलमात अशा व्यक्तीला प्रदान केलेली जमीन गैरमार्गाने बळकावणे, कसणे किंवा तिला तेथून हुसकावणे हा स्पष्टपणे गुन्हा ठरविण्यात आला. २०१५ च्या दुरुस्तीने ही कलमे अधिक तपशीलवार झाली. संसदेला असे स्वतंत्र कलम लिहावे लागते, यावरूनच ही गोष्ट किती सार्वत्रिक होती याची कल्पना येते. परंतु खटला उभा राहील आणि निकाल लागेल तोवर दोन-तीन खरीप निघून गेलेले असतात.

वाटेची अडचण त्या मानाने क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात ती पेरणी थांबविते. गटाच्या आतल्या तुकड्याला रस्ता नसतो. बैलगाडी, खताची पोती, पुढे ट्रॅक्टर हे सारे दुसऱ्याच्या बांधावरून न्यावे लागते. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे, आणि असलेली वाट कोणी अडविली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार दाद मागता येते. दोन्ही तरतुदी उपयुक्त आहेत. तथापि मृगाचा पाऊस पडून वाफसा आल्यावर शेजाऱ्याने काटे टाकून वाट बंद केली, तर अर्जदाराकडे दिवस असतात आठ आणि प्रकरणाला लागतात महिने.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी सर्व राज्यांना निर्देश दिले आणि महाराष्ट्रात त्यानुसार १२ जुलै २०११ चा शासन निर्णय निघाला. त्या निवाड्यात एक अपवाद नमूद आहे : भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासनाच्या अधिसूचनेनुसार जमीन दिलेली असेल, तर तेथे नियमानुकूल करण्यास वाव राहतो. गावपातळीवर निवाडा पोचला. अपवाद पोचला असे म्हणता येत नाही. ज्यांचे कागद पूर्ण आहेत त्यांनाही त्यानंतर 'तुमचे उठणार' असे ऐकावे लागले, आणि उद्या उठावे लागेल असे ज्याला वाटते तो आज बांध घालीत नाही.

माती आणि पाणी

माळाचे शेत करणे म्हणजे काय, हे थोडा हिशेब मांडला तर अधिक स्पष्ट होईल. प्रथम दगड वेचावे लागतात. वेचलेल्या दगडांच्या ताली उताराला आडव्या घालाव्या लागतात. हरळी आणि कुंदा खणून काढावे लागतात, कारण वखराने ते तुटतात आणि पुन्हा फुटतात. हे काम अंगमेहनतीचे असले तरी पैशाशिवाय होण्याजोगे आहे. मातीचे तसे नाही. एका एकराचे क्षेत्र ४,०४७ चौरस मीटर. त्यावर तळ्यातला गाळ केवळ १५ सेंटिमीटर जाडीने पसरावयाचा म्हटले तरी सुमारे ६०७ घनमीटर गाळ लागतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एका वेळी तीन घनमीटर गाळ बसतो असे धरले, तर एकरामागे २०० खेपा झाल्या. चार एकरांना ८००. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत २०१७ पासून गाळ मोफत मिळू लागला, परंतु वाहतूक शेतकऱ्याने करावयाची होती. अल्प व अत्यल्प भूधारकांना वाहतुकीसाठी अनुदान देण्याची तरतूद २०२३ मध्ये झाली. धरणाजवळच्या, स्वतःचा ट्रॅक्टर असलेल्या शेतकऱ्याने या योजनेचा लाभ आधी घेतला यात नवल नाही.

माती उथळ असण्याचा खरा परिणाम पावसाच्या खंडात दिसतो. खोल काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ज्वारी-हरभऱ्याचे रब्बी पीक निघते. वीतभर मातीतली ओल आठ-दहा दिवसांत संपते, आणि मराठवाड्यात जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवड्यांचा खंड ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून शेजारच्या काळ्या रानात सोयाबीन तग धरून असते तेव्हा माळावरचे करपलेले असते. पीक विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरत आली आहे. मंडळातली बहुतेक जमीन बरी असेल, तर सरासरी टिकते आणि माळावरच्या शेतकऱ्याचे नुकसान कोठेच दिसत नाही.

संरक्षित पाण्याची सोय हा यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा शेततळ्यात, बाजूंचा उतार धरता, सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. एका एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यावयास साधारण २०० घनमीटर लागतात. म्हणजे कागदावर चार एकरांना दोन पाळ्या देऊन काही पाणी उरते. मात्र मुरमात खोदलेले तळे गळते. त्याला प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो आणि त्याचा खर्च खोदाईच्या खर्चाहून हलका नसतो. तळ्याने व्यापलेली जागा नऊ गुंठे, भराव वेगळा. ज्याच्याकडे ८० गुंठेच आहेत त्याला ही किंमत मोठी आहे.

विहिरीसाठी योजना आहेत. १९८० च्या दशकाअखेरीची दशलक्ष विहिरींची योजना होती. २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे, जिच्यात नव्या विहिरीला सुरुवातीस अडीच लाख रुपयांचे अनुदान ठेवले गेले. तिच्यासाठी किमान ०.४० हेक्टर क्षेत्र असावे लागते. सामाईक सात-बारा असलेल्या भावांचे येथे अडते. त्याखेरीज १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर खणण्यास मनाई केली, आणि अतिशोषित पाणलोटात नव्या विहिरीला मंजुरी मिळत नाही. हे निर्बंध योग्यच आहेत. पण त्या पाणलोटाचे शोषण ज्यांनी केले त्यांच्या विहिरी आधीच खणून झालेल्या आहेत; उशिरा आलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला फक्त निर्बंध येतो. सौर पंपाच्या योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्केच हिस्सा भरावा लागतो, ही सवलत चांगली आहे. पंप बसविण्यासाठी पाणी आधी असावे लागते.

या साऱ्यात फळझाडांचा अनुभव काहीसा निराळा आहे. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली. खड्डे खणण्यापासून पहिली काही वर्षे झाडे जगविण्यापर्यंतच्या कामाची मजुरी मालकालाच त्याच्या शेतात मिळावी, ही कल्पना अशा जमिनींसाठी सर्वांत समर्पक ठरली. सीताफळ, बोर, आवळा यांना खोल माती लागत नाही. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगररांगेतले सीताफळ मुळात अशाच खडकाळ जमिनीचे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अडचण मधल्या वर्षांची असते. फळ येईपर्यंत झाडाला उन्हाळ्यात घागरीने पाणी घालावयास घरात कोणीतरी असावे लागते.

हंगाम आणि स्थलांतर

ते कोणी नसते, हे या प्रश्नाचे सर्वांत दुर्लक्षित अंग होय. बीड, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यातील भूमिहीन कुटुंबाचा चरितार्थ प्रामुख्याने ऊसतोडीवर चालतो. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पती-पत्नी साखर कारखान्याच्या फडावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. जमीन मिळाली म्हणून ही उचल फिटत नाही; पहिल्या वर्षी बी-बियाण्यासाठी ती उलट वाढते.

आता वर्षाचे वेळापत्रक पाहावे. दगड वेचणे, ताली घालणे, विहीर खणणे, गाळ आणणे ही सारी कामे कोरड्या दिवसांतली, दिवाळीनंतर जेठापर्यंतची. ज्या सहा महिन्यांत माळाचे शेत होऊ शकते त्यांपैकी पाच महिने मालक दुसऱ्याच्या उसात असतो. तो परततो तेव्हा जमीन तापलेली, तळ्यात पाणी नाही, अंगात त्राण नाही आणि पाऊस महिना-दीड महिन्यावर आलेला. घाईने एक नांगरट भाड्याने करून घेऊन मूग, मटकी, हुलगा किंवा तूर पेरली जाते. जे येते ते घरच्या डाळीपुरते. त्यामुळे पुढच्या दिवाळीला पुन्हा कोयता हाती घ्यावा लागतो.

वाटपाच्या अटींमध्ये जमीन ठराविक मुदतीत लागवडीखाली आणावी आणि स्वतः कसावी, असे असते. गाव नमुना बारामध्ये दोन-तीन वर्षे 'पड' असा शेरा पडला की शर्तभंगाचा प्रश्न उभा राहू शकतो. जमीन पड का राहिली, हे लिहिण्यास त्या नमुन्यात रकाना नाही. वस्तुतः आळस आणि स्थलांतर यांत फरक करणे तपासणीस येणाऱ्या कर्मचाऱ्याला कठीण नसते; फक्त तसे करण्यास त्याला कोणी सांगितलेले नसते.

केंद्र शासनाने १९७५ मध्ये वाढीव जमिनीच्या लाभार्थ्यांना जमीन विकासासाठी अर्थसाहाय्य देण्याची योजना आखली होती, यावरून ही अडचण धोरणकर्त्यांच्या ध्यानात मुळीच आली नव्हती असे म्हणता येत नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही भूमी सुधारणांच्या लाभार्थ्यांच्या खाजगी जमिनीवरील कामांना मान्यता होती. म्हणजे आपल्याच शेतातील ताल घालण्याची मजुरी मिळण्याची सोय कायद्यात होती. परंतु मुकादमाची उचल आगाऊ आणि रोख मिळते. हमीच्या कामाचे पैसे काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर आणि तेही सावकाश मिळत असत. चुलीच्या दृष्टीने या दोहोंत तुलना होऊ शकत नव्हती.

शर्त आणि पत

प्रदान केलेल्या जमिनीच्या सात-बारावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते. जुन्या उताऱ्यांत 'नवीन व अविभाज्य शर्त' असा शेरा आढळतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ही जमीन विकता येत नाही. वाढीव जमिनीची वाटणीही परवानगीवाचून करता येत नाही. सावकाराच्या किंवा धनदांडग्याच्या घशात ती पुन्हा जाऊ नये, हा हेतू उघड आहे आणि तो रास्तही आहे.

हा वाद आजचा नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा सुरू झाला, त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्य कायदा आला. छप्पन्नच्या दुष्काळानंतर, १९०१ मध्ये, मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. साऱ्याच्या थकबाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा हक्क न देता द्यावी, असा तिचा गाभा होता. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी तिला कडाडून विरोध केला आणि अखेरीस सभात्याग केला. जमीन विकण्याचा हक्क गेला की शेतकऱ्याची पतही जाते, हा विरोधातील एक प्रमुख मुद्दा होता. विधेयक मंजूर झाले. 'नवीन शर्त' या शब्दप्रयोगाचा उगम त्यातला.

सव्वाशे वर्षांनंतर दोन्ही बाजू बरोबर ठरल्या आहेत असे म्हणावे लागते. ही शर्त नसती तर वाटलेल्या जमिनींपैकी कितीतरी पहिल्या दुष्काळातच हातच्या गेल्या असत्या. आणि शर्त असल्यामुळे बँकेच्या दारात अडवणूक होते. तसे पाहिले तर कायद्याने त्याची तजवीज केलेली आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ च्या चौथ्या पोटकलमानुसार वर्ग २ च्या भोगवटादाराला शासनाकडे, सहकारी संस्थेकडे किंवा बँकेकडे कर्जासाठी जमीन गहाण ठेवता येते, आणि थकबाकी झाल्यास वसुलीचा मार्गही त्यांना मोकळा आहे. ही तरतूद शाखेत बसणाऱ्या अधिकाऱ्याला बहुधा ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही तो धोका पत्करीत नाही. 'जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणा' असे सांगितले जाते. जी परवानगी कायद्यानेच आधी देऊन ठेवली आहे ती मागावयास शेतकरी तालुक्याच्या गावी हेलपाटे घालतो.

पीक कर्जाची गोष्ट थोडी वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेने विनातारण शेती कर्जाची मर्यादा २०१० मध्ये एक लाख, २०१९ मध्ये एक लाख साठ हजार आणि जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपये केली. त्यामुळे गावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीचे सभासदत्व मिळाले तर गहाणाशिवाय पीक कर्ज मिळू शकते. पण हे कर्ज पिकाच्या खर्चाचे असते आणि हंगामाअखेर फेडावयाचे असते. ते चालू शेतीसाठी आहे. माळाचे शेत करण्यास जे लागते ते बियाणे-खत नव्हे. ताली, विहीर, जलवाहिनी, बैलजोडी लागते. या मध्यम मुदतीच्या, पाच-सात वर्षांत फिटणाऱ्या कर्जाला तारण मागितले जाते आणि तेथेच शर्त आडवी येते. परिणामी ज्या जमिनीला भांडवलाची सर्वाधिक गरज आहे, तिच्या मालकालाच ते सर्वांत कमी मिळते.

राहता राहिला खाजगी व्यवहार. जमीन विकता येत नाही, म्हणून ती शेजारच्या बागायतदाराला खंडाने किंवा अधेलीने दिली जाते. कधी मुद्रांकावर साठेखत करून, रक्कम घेऊन, कब्जाच दिला जातो. नाव सात-बारावर तसेच राहते. काही वर्षांनी हा व्यवहार उघड झाला तर शर्तभंग म्हणून जमीन सरकारजमा होऊ शकते. घेणाऱ्याचे पैसे बुडतात हे खरे. पण तोवर त्याने पिके घेतलेली असतात. देणाऱ्याचे सारेच जाते.

वारस

१९७६ मध्ये चार एकर मिळालेल्या गृहस्थाची आता तिसरी पिढी शेतावर आहे. वारस नोंदीने सात-बारावर सहा-सात नावे लागतात. वाटणीस परवानगी लागत असल्याने हिस्से तोंडी ठरतात. ज्याच्या वाट्याला विहिरीजवळची वीस गुंठे आली तो कसतो, बाकीचे पुण्या-मुंबईकडे किंवा फडावर. अनुदानाच्या अर्जावर सर्वांच्या सह्या लागतात आणि त्यातला एक भाऊ सापडत नाही. विवाहित बहिणींची नावे बऱ्याच उताऱ्यांत हक्कसोड होऊन निघून गेलेली असतात. २००४ च्या योजनेत विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. ज्या घरांत जमीन बाईच्या नावे आली तेथे ती परस्पर खंडाने दिली जाण्यास निदान तिची सही लागते.

शासनाने प्रदान केलेल्या वर्ग २ च्या जमिनी बाजारमूल्य दर तक्त्यावर आधारलेले अधिमूल्य भरून वर्ग १ मध्ये रूपांतरित करण्याचे नियम २०१९ मध्ये करण्यात आले. शर्तीतून मोकळे होण्याचा हा कायदेशीर मार्ग आहे. माळावर तूर पेरणाऱ्याला हे अधिमूल्य भरणे शक्य नसते, आणि त्याच्या वतीने ते भरण्यास कोणी पुढे येत नाही. जेथे पुढे येतात तेथे ती जमीन शहराच्या किंवा महामार्गाच्या लगत आलेली असते, आणि भरणाऱ्याला तेथे पेरावयाचे नसते.